काटा थांबेपर्यंत

फोटोग्राफी ही शांत, सभ्य माणसाची कला आहे असं मी एकसष्टाव्या वर्षापर्यंत मानत होतो. गेल्या फेब्रुवारीत, सोमवार ते शनिवार अशा सहा दिवसांत, माझं ते मत साफ धुऊन निघालं. आता मी एवढंच म्हणतो की खंड्याचा फोटो काढणं ही कला आहे आणि तीन वर्षांच्या पोराचा फोटो काढणं ही कुस्ती आहे. दोन्हीला एकच कॅमेरा लागतो म्हणून लोकांची फसगत होते.

माझं नाव प्लासिड. विमा कंपनीत चौतीस वर्षं कागद सरळ करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि त्याच आठवड्यात कॅमेरा घेतला. तेव्हा घरात वॉशिंग मशीनची चर्चा चालू होती, हे मी सांगायची गरज नाही, कारण आमची इझाबेल ते आल्यागेल्याला सांगतेच. त्या कॅमेऱ्याने मी दोन वर्षांत आमच्या गावच्या बावखलावर, म्हणजे तळ्यावर, बसणाऱ्या खंड्याचे चार हजार फोटो काढले. त्यातला एक फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. आमच्याकडे पाहुण्यांना आधी खंड्या दाखवतात आणि मग चहा देतात. काही पाहुणे हल्ली फोनवरच बोलतात.

इझाबेल होळी बाजाराजवळच्या आमच्या गावात देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, कौलारू खोलीत बालवाडी चालवते. सव्वीस वर्षं झाली. गावातली अर्धी तरुण मंडळी तिने नाक पुसून मोठी केली आहेत. त्यातला एक आता डॉक्टर आहे, तिला रस्त्यात पाहिलं की अजूनही रुमाल काढून दाखवतो. तर सोमवारी या बालवाडीच्या नावे संस्थेच्या मुख्य कार्यालयातून पत्र आलं. पटावर किमान वीस मुलं हवीत, प्रत्येकाचा फोटो संगणकावर चढवायचा, बाईंचाही चढवायचा, शनिवारी दुपारी बारानंतर खिडकी बंद. वीस भरले नाहीत तर मुलं जूनपासून आचोळ्याच्या मोठ्या शाळेत, बसने. खाली फोटोचे नियम होते: चेहरा स्पष्ट, दोन्ही डोळे उघडे, दोन्ही कान दिसणारे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं, चेहऱ्यावर सावली किंवा डाग नको.

बालवाडीत मुलं बरोब्बर वीस होती. म्हणजे एकाचाही फोटो बिघडला की सव्वीस वर्षांवर पाणी. इझाबेलने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून बायबलमध्ये ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसली. तिला काही खोल लागलं की ती तांदूळ निवडते. त्या दिवशी तिने रेशनचा अख्खा डबा निवडला.

म्हणाली, स्टुडिओवाल्या रिचर्डला बोलावू. पण राखेचा बुधवार तोंडावर आला होता, आणि उपवासकाळाच्या आधी उरकायची सगळी लग्नं त्याच आठवड्यात लागली होती. रिचर्ड म्हणाला, रविवारनंतर. आयांनी मोबाइलवर काढलेले फोटो पाठवून पाहिले, त्यात एका पोराला सशाचे कान होते आणि दुसऱ्याचे गाल मेणाचे. शिवाय, खरं सांगायचं तर, घरात चार हजार खंड्यांचा बाप बसलेला असताना बाहेरचा माणूस बोलवायचा, हे मला झोंबलं. मी म्हणालो, हे काम माझं. इझाबेलने माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिचे डोळे एकाही फोटोत उघडे नाहीत, पण त्या दिवशी चांगले उघडे होते.

"खंड्या बसतो," ती म्हणाली. "सॅमी बसत नाही."

मी हसलो. मंगळवारी सकाळी दहा वाजेपर्यंत हसत होतो.

बालवाडीची खोली जुनी, खिडक्या लहान, वर एक ट्यूबलाइट. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचं शटर हळू चालतं, आणि शटर हळू चाललं की हललेलं पोर धुरासारखं उमटतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पोर किती हलतं हे पुस्तकात नव्हतं. मी तीनशे बारा फोटो काढले. सॅमीच्या, म्हणजे साडेतीन वर्षांच्या त्या वावटळीच्या, अठ्ठावीस फोटोंपैकी एकात फक्त कान होता. उरलेल्या सत्तावीसमध्ये मागची भिंत फार सुरेख आली होती. मागे पांढरं हवं म्हणून इझाबेलने घरची चादर टांगली होती, तिच्यावर फिक्या रंगात मोर होते हे आम्हाला फोटो मोठा केल्यावर कळलं. तेहतीस वर्षं आम्ही त्या चादरीवर झोपतोय.

मग मी फ्लॅश लावला. फ्लॅशने निमिष दचकला. हा शेजारच्या विद्याधरचा नातू, सालस पोर, पण क्लिक ऐकलं की डोळे मिटतो. तो रडला. त्याचं पाहून टिफनी रडली, आणि रडं हे गोवरासारखं पसरतं हे बालवाडीत गेलेल्याला सांगायला नको. साडेअकरा वाजता वीस मुलं आणि एक हेडक्लार्क, सगळे घामाघूम. त्यातली वीस रडत होती आणि एकाला रडावंसं वाटत होतं.

संध्याकाळी सॅमीला सर्दी झाली. बुधवारी सकाळी त्याची आजी अँजेला आमच्या ओट्यावर हजर. अँजेलाआजी म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, रोज पहाटे डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार गाठणारी, तिच्यापुढे आमचे फादरसुद्धा जपून बोलतात. ती म्हणाली, "तुझ्या या डब्यानं पोराला दिष्ट लावली, प्लासिड. चांगलं पोर एवढ्या वेळा कुणी बघतं का?" आणि तिने सॅमीच्या गालावर काजळाची तीट लावली, मसुराच्या डाळीएवढी. ते पाहून बाकीच्या आज्यांनाही सुचलं. दुपारपर्यंत बालवाडीतल्या वीसच्या वीस गालांवर तीट होती, आणि नियम म्हणत होता की चेहऱ्यावर डाग नको.

आता विद्याधरबद्दल सांगितलं पाहिजे. विद्याधर माझा शाळेतला दोस्त, शेजारी, केळीच्या वाडीचा मालक, आणि सल्ला देण्याच्या बाबतीत फार उदार. मी घर बांधलं तेव्हा त्याने पाया कसा घ्यावा ते सांगितलं, लग्न केलं तेव्हा तेही सांगणार होता, पण त्याला उशीर झाला. तो म्हणाला, प्लासिड, तुझा उजेडच चुकतोय, पोरांना बाहेर काढ. बाहेर काढलं तर ऊन असं की सगळ्यांनी डोळे बारीक केले, आणि नाकाखाली प्रत्येकाला सावलीची मिशी. मग विद्याधर म्हणाला, माझ्या वाडीत रोपांच्या जाळीखाली चल, तिथला उजेड कसा मऊ, मोगऱ्याची रोपंसुद्धा तिथे तोंड वाकडं करत नाहीत.

खरोखरच मऊ उजेड होता. मी वरण्याच्या शेंगांच्या वेलाला पांढरं कापड बांधलं, तिटा तेवढ्यापुरत्या पुसून घेतल्या (आज्यांना न सांगता, हे पाप मी फादरकडे कबूल केलंय), आणि पोरांसमोर इझाबेलने खेळण्यातला बेडूक उड्या मारत ठेवला. दोन तासांत अठरा फोटो चांगले, दोन बरे. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. मी विद्याधरला मिठी मारली. इझाबेलसुद्धा म्हणाली, जमलं वाटतं. तिच्या तोंडून एवढं ऐकायला मी निवृत्त झालो होतो.

संध्याकाळी फोटो संगणकावर उघडले आणि मी खुर्चीत बसूनच राहिलो. वीसही मुलं हिरवी होती. थोडीशी वगैरे नाही, चांगली कोवळ्या भेंडीसारखी हिरवी. जाळी हिरवी, तिच्यातून गाळून आलेला उजेड हिरवा, आणि दोन तास तिथे बसून आमच्या डोळ्यांना त्याची सवय झालेली. वाडीत जन्म काढलेल्या तीन माणसांच्या लक्षात हिरवा रंग आला नाही. इझाबेल मागे उभी राहून बघत होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि डाळीचा डबा काढला. तांदूळ सोमवारीच निवडून संपले होते.

आणि मी काय केलं? मी ते चढवले. संगणकाला काय कळतंय, असा विचार केला. चौतीस वर्षं ऑफिसात काढलेला माणूस असा विचार करतो म्हणजे त्याची वेळ आली असं समजावं.

गुरुवारी सकाळी कार्यालयातून सलोनी मॅडमचा फोन आला. आवाजावरून पंचविशीतली, फार नम्र. म्हणाली, "सर, फोटो पाहिले. मुलं बरी आहेत ना?" मी म्हणालो, ठणठणीत. ती म्हणाली, तिला फार काळजी वाटली म्हणून तिने वीसही नावांपुढे 'आरोग्य तपासणी आवश्यक' अशी खूण लावली आहे. मी म्हणालो, मॅडम, ते जाळीमुळे, खूण काढा. ती म्हणाली, खूण लावायचं बटण तिच्याकडे आहे, काढायचं नाही. प्रत्येक मुलाचं ताजं वजन भरलं की खूण आपोआप जाते, आणि ती गेल्याशिवाय नवा फोटो चढत नाही. मी फोन ठेवला आणि इझाबेलला कसं सांगावं याचा विचार करत परसात दोन फेऱ्या मारल्या. वळलो तर ती मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"वीस मुलं मी धडधाकट ठेवली," ती म्हणाली, "तुम्ही एका दिवसात आजारी पाडलीत." आणि मग, फार हळू, "जूनमध्ये सकाळी नऊ वाजता मी काय करायचं, ते तरी सांगा."

इतकी वर्षं मी नऊ वाजता ऑफिसला जायचो आणि ती घंटा वाजवायला जायची, आणि निवृत्त झाल्यावर सकाळी नऊ वाजता काय करायचं हे मला कळलं नाही म्हणून तर मी कॅमेरा घेतला होता. तिला ते कळू नये असं मला फार मनापासून वाटलं.

तर वजनं घ्यायची. बालवाडीचा जुना काटा रिकामा असतानाही चार किलो दाखवायचा. शेवटी विद्याधरच म्हणाला, माझ्या शेडमध्ये घेऊन या, केळीचा काटा आहे, माझा काटा खोटं बोलत नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही वीस मुलांची रांग घेऊन तिकडे गेलो. सोबत अँजेलाआजी, कारण तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. कॅमेरा मी नेला नाही. त्याच्याकडे बघायची इच्छा नव्हती.

शेड म्हणजे तीन बाजूंनी भिंती, नुकताच चुना मारलेला, चौथी बाजू उत्तरेला सताड उघडी. समोर अंगणात वाल सुकवायला पांढरी ताडपत्री पसरलेली. मधोमध काटा: खाली लोखंडी पाटा, समोर दांड्यावर आकड्यांची पेटी, तिच्यात पुढून-मागून लाल आकडे. विद्याधरने केळीचं क्रेट उपडं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि त्यावर पहिल्यांदा टिफनीला बसवलं. ती हलली, आकडे धावायला लागले. विद्याधर सगळ्या व्यापाऱ्यांना सांगतो तेच तिलाही म्हणाला, हलायचं नाही, हललं की काटा वजन सांगत नाही. टिफनी थिजली. तोंड गच्च मिटून, डोळे वटारून त्या लाल आकड्यांकडे बघत राहिली. आकडे धावले, मंदावले, थांबले. तेरा किलो चारशे.

बाकीच्यांना आपापलं किती ते हवंच होतं. निमिष बसला, आणि डोळे मिटले तर आकडा कसा दिसणार, म्हणून पापणीही लववेना. मी कोपऱ्यात वही घेऊन वजनं लिहीत होतो. पाचव्या पोरापाशी माझा हात थांबला. पोर पुतळ्यासारखं. डोळे टक्क. तोंड बंद. मागे पांढरी भिंत. उत्तरेचा उजेड सगळ्या चेहऱ्यावर सारखा, आणि ताडपत्रीवरून उसळून नाकाखालची मिशीही पुसून टाकतोय. आणि शटर कधी दाबायचं हे सांगायला लाल आकडा समोर.

मी वही टाकली आणि घराकडे पळालो. गुडघ्यांमुळे मी सात वर्षं पळालो नव्हतो. वाटेत लोकांनी विचारलं कुणाचं काय झालं, मी सांगत बसलो नाही.

परत आलो तर कॅमेऱ्याच्या आणि पोरांच्या मध्ये अँजेलाआजी. तिने आधीच ओळखलं होतं, म्हणून मीठ-मिरच्या मागवून ठेवल्या होत्या. म्हणाली, पोरांची नाही, या डब्याचीच दिष्ट काढते. मला क्रेटवर बसवून, कॅमेरा मांडीवर घ्यायला लावून तिने तीनदा ओवाळलं. गावातली पंधरा माणसं एव्हाना जमली होती, आणि निवृत्त हेडक्लार्क मांडीवर कॅमेरा धरून लहान बाळासारखा ओवाळून घेत होता. इझाबेल तोंडाला पदर लावून हसत होती. आठवड्यात पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मी अजून तीनदा ओवाळून घ्यायलाही तयार होतो. मग तिने अँजेलाआजीला बाजूला नेलं आणि तीट तळपायाला लावायचं ठरलं. काजळ तेच, आशीर्वाद तोच, फक्त संगणकाला दिसणार नाही. वीस पोरांनी एकेका पायातली चप्पल काढली.

आधी वीसही वजनं वहीत चढली. सॅमीसाठी अँजेलाआजी त्याला कडेवर घेऊन पाट्यावर उभी राहिली, मग एकटी उभी राहिली, आणि विद्याधरने तोंडी वजाबाकी केली. मग मी आकड्यांच्या पेटीवर कॅमेरा टेकवला, मागे उकिडवा बसलो. पोर बसलं, आकडा धावला, आकडा थांबला, क्लिक. एक पोर, एक फोटो. इतके स्पष्ट की पापण्यांचे केस मोजावेत. दीड तासात एकोणीस.

विसावा सॅमी. सॅमी बसलाच नाही. तो क्रेटवर उभा राहून नाचला, आकडा अकराचा सतरा, सतराचा बारा. मी सांगितलं, इझाबेलने सांगितलं, अँजेलाआजीने दम दिला. एकोणीस फोटो घेऊन मी बसलो होतो आणि एकोणिसाला किंमत नव्हती. इझाबेलची नजर आजूबाजूला काही निवडायला आहे का ते शोधायला लागली.

तेवढ्यात विद्याधरने आयुष्यातला पहिला उपयोगी सल्ला दिला, तोही मला नाही, सॅमीला. त्याने राजेळी केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, उचलून काट्यावर ठेवला. तेरा किलो नऊशे. म्हणाला, "सॅमी, बघ, केळी किती हुशार, एकदाही हलली नाहीत. तू जड की केळी जड?"

सॅमीने लोंगराकडे पाहिलं. मग आपणहून क्रेटवर बसला. आकडा थांबेपर्यंत श्वास धरून बसला, पण हरण्याच्या भीतीने त्याने मान खाली घातली होती, फोटोत फक्त केस आले. तेरा किलो आठशे पन्नास. पन्नास ग्रॅमनी केळी जिंकली. त्याचा ओठ थरथरायला लागला आणि एकोणीस पोरं त्याच्याकडे बघून रडायची तयारी करायला लागली. मंगळवार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

इझाबेल पुढे झाली. सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. तिने लोंगरातलंच एक पिकलं केळं तोडलं, सोललं आणि सॅमीच्या हातात दिलं. म्हणाली, खा, म्हणजे केळी तेवढी कमी आणि तू तेवढा जास्त. सॅमीने तीन घासांत संपवलं. शेवटचा घास तोंडातच ठेवून तो क्रेटवर चढला, ओठ गच्च मिटून, मान ताठ, नजर लाल आकड्यावर. आकडा धावला. अंगणात वाल वेचणाऱ्या बायकाही थांबल्या. तेरा किलो नऊशे पन्नास.

त्या क्षणी सॅमीच्या तोंडावर जे आलं ते मी कुठल्याही निवडणुकीत जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. क्लिक.

शुक्रवारी दुपारी वजनं भरली, खुणा गेल्या. शनिवारी सकाळी फोटो चढवले. एकेका नावापुढे हिरवी बरोबरची खूण उमटत गेली, आणि हिरवा रंग यावेळी जिथे हवा तिथेच आला. वीस. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी हात झटकले, तर पुढचं पान उघडलं: शिक्षिकेचं छायाचित्र.

हे आम्ही दोघंही साफ विसरलो होतो. इझाबेल म्हणाली, जुना कुठलातरी घाला. घातला. डोळे बंद. दुसरा घातला, डोळे बंद. लग्नाचा, बारशाचा, बालवाडीच्या रौप्यमहोत्सवाचा, सगळे बंद. मी तिचा हात धरला आणि आम्ही विद्याधरच्या शेडकडे निघालो, गावाच्या देखत, हात धरून, भर दिवसा.

काट्यावर चढायला ती तयार होईना. म्हणाली, आधी आकडा झाका. विद्याधरने पेटीवर पोतं टाकलं, आपण होऊन भिंतीकडे तोंड केलं. ती बसली, आणि मी कॅमेरा उचलताच नेहमीसारखी पापणी फडफडायला लागली.

"आता आकडा नाही," ती म्हणाली. "बघू कुठे?"

"माझ्याकडे बघ."

"लेन्समागे तोंड लपवल्यावर कसं बघू?"

मी कॅमेरा पोत्यावर ठेवला, बोट बटणावर, आणि तोंड बाजूला काढलं. तेहतीस वर्षांत आम्ही एकमेकांकडे इतका वेळ न बोलता पाहिलं नसेल. मी म्हणालो, जूनमध्ये सकाळी नऊ वाजता तू घंटा वाजवायचीस. तिने ऐकलं. पापणी थांबली. पोत्याखाली आकडाही थांबला असणार, कारण माझ्या बोटाला ते बरोबर कळलं.

बाराला दहा मिनिटं असताना एकविसावी खूण उमटली. सोमवारी सलोनी मॅडमचा फोन आला, साहेबांनी विचारलंय की असे फोटो कुठल्या स्टुडिओत काढले, आणि तालुक्यातल्या बाकीच्या नऊ बालवाड्यांचे काढून द्याल का. मी हो म्हणालो, पण काटा आणि विद्याधर सोबत येतील या अटीवर. नऊच्या नऊ झाल्या. केळी मात्र विद्याधरने आपल्या खर्चाने पुरवली, आणि हे तो आता लग्नाकार्यात सांगत असतो.

जूनमध्ये पटावर तेवीस मुलं आली. नऊ वाजता घंटा वाजली ती मी बावखलावरून ऐकली, आणि खंड्या उडाला तरी मला वाईट वाटलं नाही. हॉलमधली फ्रेम मी स्वतःच बदलली. आता पाहुण्यांना चहाआधी इझाबेल बघावी लागते, डोळे टक्क उघडे, एकेक पापणी स्पष्ट. पाहुणे परत यायला लागले आहेत. ती रोज फ्रेमवरची धूळ पुसते आणि त्या दिवशी विद्याधर खरंच भिंतीकडे बघत होता ना, हे मला विचारते.